शामकलाची घडी मागे नव्हती

साहेब, माझे काटे तुम्ही फिरवले.

हे मी कुजबुजत सांगत नाही. माझ्या तोंडावर काच आहे. आत जे आहे ते बाहेर दिसतं, लपवाछपवी मला जमत नाही. सोमवारी दुपारी मला तुमच्या टेबलाच्या खणात ठेवलं, तेव्हा मी बरोबर वेळ दाखवत होते. गुरुवारी सकाळी बाहेर काढलं, तेव्हा मी अकरा मिनिटं मागे होते. मधले तीन दिवस खणाला कुलूप होतं आणि किल्ली तुमच्या खिशात होती. एवढा शिकलेला माणूस, दारावर पितळी पाटी, आणि एका बाईला खोटं पाडायला तो घडीचे कान पिळतो. मला अजून खरं वाटत नाही. पण घडलं ते माझ्याच अंगावर घडलं आहे. खरं नाही कसं म्हणू?

मित्रांनो, तुम्ही दचकू नका. साहेबांशी माझं जे आहे ते शेवटी बघते. तुम्हाला पहिल्यापासून सांगते.

मी एक जुनी मनगटी घडी आहे. पुस्तकात मला घड्याळ म्हणतात. पण आमच्या गोंदिया जिल्ह्यात भिंतीवर असतं ते घड्याळ आणि हातात असते ती घडी. एवढा फरक लक्षात ठेवा, पुढे गोंधळ होणार नाही.

माझा जन्म कोणत्या गावी झाला ते मला ठाऊक नाही. डोळे उघडले तेव्हा मी एका लांब टेबलावर होते आणि कुणीतरी चिमट्याने माझे काटे बसवत होतं. माझ्या पोटात स्फटिकाचा एक बारीक तुकडा आहे. एका सेकंदात तो बत्तीस हजारांहून जास्त वेळा थरथरतो. ती थरथर मोजून मी एक पाऊल टाकते. म्हणजे थरथरणं हाच माझा धंदा. तरी भीतीने थरथरणं वेगळं असतं, हे मला याच वर्षी कळलं.

खोक्यात बसून मी गोंदियाच्या बाजारात आले. तिथे भैय्यालालजींचं दुकान आहे. दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की तिसऱ्याने रस्त्यावर थांबायचं, एवढंच. काचेच्या कपाटात माझ्या डाव्या बाजूला सोनेरी पट्ट्याची घडी होती आणि उजव्या बाजूला काळ्या पडद्याची, ज्यात पावलं मोजतात ती. दोघी माझ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या. सहा महिने मी तशीच पडून होते.

सहा वर्षांपूर्वी एका मंगळवारी शामकला आली. गोरेगाव तालुक्यातल्या, जंगलाला टेकलेल्या एका गावची सून. बारावी झालेली. जंगल बघायला येणाऱ्या लोकांना फिरवायला बायकांनाही गाइड म्हणून घेणार होते, त्यात तिची निवड झाली होती. सोबत तिची नणंद होती, डिंपल. ती गोंदियाजवळ फुलचूरला राहते आणि कपड्यालत्त्यातलं आपल्याला सगळं कळतं असं तिचं ठाम मत आहे.

"मोठी दाखवा भाऊ, चमकणारी," डिंपल म्हणाली. "वहिनी गाइड झाली आमची. जिप्सीत बसन. लोकाईले दिसाले पायजे."

भैय्यालालजींनी डोळ्यावरचं भिंग काढलं. "बेटा, घडी दुसऱ्याने बघायची का तिने?"

"दोघाईनं," डिंपल म्हणाली.

ते हसले. त्यांनी शामकलाला हात पुढे करायला सांगितला. घडी डबीत बघून घेऊ नये, हातावर ठेवून बघावी, हे त्यांचं पहिलं वाक्य. मनगट जेवढं रुंद तेवढ्यात घडी मावली पाहिजे. पट्टा जिथे अडकतो ती टोकं मनगटाच्या बाहेर आली, की घडी मागून आणल्यासारखी दिसते. मग त्यांनी स्टीलच्या साखळीची एक घडी काढून हलवली. खुळखुळ आवाज झाला.

"ही चालन का जंगलात?"

शामकला म्हणाली, "हरणाचं सोडा, वाघही उठून जाईन."

सोनेरी घडी उन्हात धरली तर समोरच्या दुकानाच्या पाटीवर कवडसा नाचला. ती कपाटात परत गेली. पावलं मोजणारीची पाळी आली. शामकला तिच्याकडे बघत राहिली, मग मान हलवली. "हिले रोज चार्जिंग लागते न? अन् गेटवर मोबाईल जमा करून घेते. ही मोबाईलच्या घरचीच दिसते. हिले पण जमा करतीन."

डिंपलचं तोंड उतरलं. माझ्या शेजारणींचंही. खरं सांगते, मला गंमत वाटली.

मग भैय्यालालजींनी पांढऱ्या तोंडाची एक साधी घडी काढली. आकडे ठळक, वाचायला सोपी. पण शामकलाचं बोट माझ्यावर आलं. माझं तोंड पिकलेल्या जांभळाच्या रंगाचं आहे. आकड्यांच्या जागी बारा पांढरट खुणा आहेत, बारीक आणि टोकदार.

"हे धानाचे दाणे होत का?"

"कंपनीवाल्याला धान काय माहीत," भैय्यालालजी म्हणाले. "पण दिसते तसंच."

"मंग हीच द्या."

"पांढरी जास्त कामाची आहे बेटा."

"हिचे काटे पांढरे आहेत, अंधारात पण दिसते म्हणता. कामाचं झालं. रंग मात्र माया मनाचा."

भैय्यालालजींनी मला हातभर लांब धरलं, डोळे बारीक केले आणि वेळ वाचून पाहिली. मग मान डोलावली. "बरोबर. जी घडी मनाला आवडत नाही ती हातात राहत नाही, डब्ब्यात राहते."

मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला पहिल्यांदा कुणी बोट लावून निवडलं. दोन पट्टे मिळाले. जंगलासाठी खाकी कापडी, घामात न कुजणारा. लग्नकार्यासाठी कातडी, गडद लाल. पट्टा बदलायची बारीक कळ कशी दाबायची ते भैय्यालालजींनी तिला तीनदा करायला लावलं. शेवटी त्यांनी रेडिओवरच्या ठोक्यांना माझे काटे जुळवले आणि विचारलं, "दहा मिनिटं पुढे करून देऊ? सगळे करून नेते."

शामकला म्हणाली, "नाई. बरोबरच ठेवा. एक तरी बरोबर असू द्या."

हे ती का म्हणाली ते आता ऐका, कारण सगळी गोष्ट याच्यावर उभी आहे.

आमच्या भागात घड्याळं पुढे असतात. बिघडून नाही, मुद्दाम. शामकलाचा नवरा टेकचंद राइस मिलमध्ये कामाला जातो. एसटी चुकू नये म्हणून त्याची घडी दहा मिनिटं पुढे. स्वयंपाकघरातलं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे. वेळ विचारली की माणूस आधी घड्याळाकडे बघतो, मग वर छताकडे बघतो, वजाबाकी करतो आणि उत्तर देतो. सगळं गाव आधी घड्याळाला खोटं बोलायला लावतं आणि मग मनातल्या मनात खरं करून घेतं.

जंगलाच्या गेटवर भिंतीचं एक गोल घड्याळ होतं. तेही पुढे. संध्याकाळी सहाच्या आत सगळ्या गाड्या बाहेर यायला हव्यात, असा नियम. कुणाला उशीर होऊन कामाला मुकावं लागू नये म्हणून तिथला चौकीदार कैलाश याने सात वर्षांपूर्वी स्टुलावर चढून ते दहा मिनिटं पुढे केलं. खाली उतरून पाहिलं तर अकरा झाली होती. "आता कोन चढते," म्हणाला, "राहू द्या अकरा." तेव्हापासून अकरा. रजिस्टरात वेळ लिहिताना कैलाश वर बघायचा, अकरा वजा करायचा आणि लिहायचा. गाइड, ड्रायव्हर, चहावाला, सगळ्यांना पाठ. वाईट कुणाच्याच मनात नव्हतं. गेटचं नाव मी लिहीत नाही. कैलाश हेही त्याचं खरं नाव नाही. तेवढी अक्कल घडीलाही असते.

माझी चांगली वर्षं सुरू झाली. पहाटे अंधारात शामकला मला बांधायची तेव्हा माझे काटे काजव्यासारखे हिरवे दिसायचे. कोणत्या पाणवठ्यावर गवे साधारण किती वाजता उतरतात, सांबराने किती वाजून किती मिनिटांनी हाक दिली, हे ती छोट्या वहीत लिहायची. पाहुण्यांना ती एक जादू दाखवायची. माझा छोटा काटा सूर्याच्या दिशेला धरायची. तो काटा आणि बारा यांच्या बरोबर मधे जी दिशा येते ती दक्षिण. तुम्हीही सकाळी नाहीतर दुपार कलल्यावर करून बघा. मुंबईहून आलेले मोठे मोठे लोक लहान मुलांसारखे आपापल्या हाताकडे बघायचे आणि बऱ्याच जणांच्या हातात काटेवाली घडीच नसायची.

लग्नात मी लाल पट्ट्यावर जायचे. बायका शामकलाचा हात ओढून बघायच्या. "काऊन वो, केवढ्याची?" गावात ज्याला खरी वेळ हवी तो तिला विचारायचा. गोरेगावच्या गाडीचा कंडक्टर एकदा म्हणाला, "मॅडमचा टाइम तोच आपला टाइम." त्या दिवशी मी जरा जोरात टिकटिकले असेन.

आणि टेकचंद रोज चिडवायचा. "आली बरोबरवाली. गाव पुढे जाऊन राहिलं अन् ही एकटीच बरोबर."

मग या जानेवारीत ते झालं.

जंगलखात्याचे हे साहेब नवे आले होते. आल्या आल्या त्यांनी सांगितलं की एक मिनिट उशीर झाला तरी गाइडचं काम बंद. कुणाला काही वाटलं नाही, कारण उशीर कुणाला होतच नव्हता. त्या शनिवारी दुपारी शामकलाच्या जिप्सीत साहेबांचे पाहुणे होते. गाडी भुपेंद्र चालवत होता. सव्वापाचला एका तळ्याकाठी अस्वल दिसलं. पाहुण्यांना तिथेच थांबायचं होतं. शामकलाने वीस मिनिटं दिली. मग माझ्यावर बोट ठेवून म्हणाली, "सर, निघावं लागते आता."

"साहेब आमच्या घरचे आहेत," पाहुणे म्हणाले. "गेट आमच्यासाठी उघडं राहील."

"गेट उघडं राहीन सर, पण मायं काम बंद होईन. भुपेंद्र, घे गाडी."

आम्ही गेटवर आलो तेव्हा पाच वाजून सत्तावन्न मिनिटं झाली होती. मी शपथेवर सांगते. तीन मिनिटं हातात होती. साहेब स्वतः गेटवर उभे होते, पाहुण्यांना घ्यायला आले होते. पाहुण्यांनी उतरताच शामकलाकडे बोट दाखवून त्यांच्या कानाशी काहीतरी सांगितलं. साहेबांनी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर सहा वाजून आठ झाले होते.

"आठ मिनिटं लेट," ते म्हणाले. "लिहा."

कैलाश म्हणाला, "साहेब, ते घड्याळ जरा..."

"तुला विचारलं?"

त्याने रजिस्टर उघडलं. शामकला पुढे आली. तिने मनगट साहेबांसमोर धरलं. "सर, पाच सत्तावन्न झाले. हे घड्याळ अकरा मिनिटं पुढे आहे. सगळ्याईले माहीत आहे."

साहेबांनी मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं. सगळे जण आपापल्या चपलांकडे बघत होते. भुपेंद्रही.

"सरकारी घड्याळ खोटं आणि तुझी घडी खरी," साहेब म्हणाले. "ठीक आहे. सोमवारी घडी कार्यालयात जमा कर. सुनावणीत बघू कोण खरं ते."

शामकला खुश होऊन घरी आली. मलाही बरं वाटलं. कुणीतरी तपासणार म्हणजे खरं बाहेर येणारच, असं आम्हा दोघींना वाटलं. आम्ही दोघी किती भोळ्या होतो.

सोमवारी कार्यालयात रत्नपाल नावाच्या बाबूने मला हातात घेतलं. तो नेटका माणूस आहे. जमा होणारी प्रत्येक वस्तू आधी नीट बघतो आणि मग पावती करतो, मग ती वस्तू कुऱ्हाड असो की सायकल. त्याने मला आपल्या मोबाईलशेजारी ठेवलं, दोन्हीकडे पाहिलं आणि पावतीवर लिहिलं, 'एक लेडीज घडी, जांभळी, चालू, वेळ बरोबर.' शिक्का मारला. पावती शामकलाने दुमडून पदराला बांधली. मग मी साहेबांच्या खणात गेले.

मंगळवारी सकाळी खण उघडला. दोन बोटांनी मला उचललं. बोटांना हात धुवायच्या औषधाचा वास होता. काटे फिरवायची माझी चावी बाहेर ओढली. चावी ओढली की माझा सेकंद काटा जागच्या जागी थांबतो. कुणी छातीवर गुडघा ठेवावा तसं होतं ते. आणि मग, मित्रांनो, त्या बोटांनी मला उलटं चालवलं. सहा वर्षांत मला कुणी मागे चालवलं नव्हतं. एक, दोन, तीन. मी मोजत होते, दुसरं काय करणार. अकरा झाल्यावर बोटं थांबली. चावी आत दाबली. खण बंद झाला. थोड्या वेळाने गेटवरून कैलाशला बोलावणं गेलं, आणि कैलाशला सांगितलेलं मी खणातून ऐकलं, "ते घड्याळ आज बरोबर करून टाक. मोबाईल बघून."

गुरुवारी सुनावणी. गेटवरचं ते गोल घड्याळ काढून टेबलावर आणलेलं. शेजारी साहेबांचा मोबाईल. शेजारी मी. घड्याळात अकरा वाजून वीस. मोबाईलमध्ये अकरा वाजून वीस. माझ्यात अकरा वाजून नऊ.

"बघ," साहेब म्हणाले. आवाज अगदी मऊ. "सरकारी घड्याळ बरोबर आहे. तुझी घडी अकरा मिनिटं मागे आहे. तुला वाटलं पाच सत्तावन्न, झाले होते सहा आठ. खोटं बोलतेस असं मी म्हणत नाही. तुझी घडीच तशी."

शामकलाने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही. घरातल्या माणसाला चोरी करताना पकडावं तशी ती नजर होती. मला तोंड होतं पण आवाज नव्हता. मी अकरा वाजून नऊच दाखवत राहिले, कारण दाखवणं एवढंच मला येतं.

साहेबांनी कागद लिहिला आणि त्याची एक प्रत तिला दिली. 'घडी तपासली असता अकरा मिनिटे मागे आढळली.' खाली सही, तारीख. मग म्हणाले, "आठ दिवसांत माफी लिहून दे. माझी घडी मागे होती, चूक झाली, एवढंच. काम परत सुरू. नाहीतर यादीतून नाव कमी. भुपेंद्रने लिहून दिलंसुद्धा."

मला परत हातात घेऊन ती निघाली. पण बांधलं नाही. पिशवीत टाकलं.

घरी टेकचंद म्हणाला, "लिहून दे न. घडीच तं आहे. घडीले का फाशी होऊन राहिली?"

"तिनं मले फसवलं का?" शामकला म्हणाली. "सहा साल मी हिच्या भरवशावर फिरली. वहीत जे जे लिहिलं ते सगळं खोटं का मंग?"

"असन गा बाप्पा. मशीन आहे."

तिने मला डाळीच्या डब्याच्या झाकणावर ठेवलं. तिथून मला स्वयंपाकघरातलं पंधरा मिनिटं पुढचं घड्याळ दिसत होतं. मी मागे, ते पुढे. घरात खरी वेळ कुणाकडेच नव्हती.

दुसऱ्या दिवशी कैलाश आला. दारातच उभा राहिला, पाणीही घेतलं नाही. "वैनी, त्या मंगळवारी साहेबानं मले घड्याळ बरोबर करायला लावलं. सात सालानं. मी स्टुलावर चढलो तवाच समजलो."

"मंग सुनावणीत काऊन नाही बोलला?"

"रोजंदारी आहे वैनी. लिहून दिलं तं मी पण बाहेर." तो खाली बघत म्हणाला. "पण तुमची घडी कशी मागे गेली, ते मले नाही माहीत. हे खरं सांगतो."

तो गेला. शामकलाने चुलीवरचं भांडं उतरवलं. मग उठली, माफी लिहायला आणलेला कोरा कागद पिशवीत टाकला, मला टाकलं आणि गोंदियाची एसटी पकडली.

भैय्यालालजींनी माझं पाठचं झाकण उघडलं. भिंगातून पाहिलं. "सेल ठीक. पाणी नाही गेलं. गंज नाही." मोबाईलशी ताडून पाहिलं. "अकरा मिनिट मागे. पूर्ण अकरा." मग त्यांनी विचारलं, "बेटा, मागे पडणारी घडी रोज मागे पडते. तिला काय माहीत की अकरा झाले, आता थांबायचं?"

शामकलाला आधी समजलं नाही.

"आठ दिवस माझ्याजवळ ठेव. आणखी मागे गेली तर घडी खोटी. अकरावरच राहिली तर..." त्यांनी माझं झाकण परत बसवलं. धंद्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती.

आठ दिवस मी त्यांच्या टेबलावर चालले. काटे त्यांनी हलवले नाहीत. आठव्या दिवशी मी अकरा मिनिटं आणि एक सेकंद मागे होते. एक सेकंद माझा, तो मी कबूल करते. अकरा मिनिटं माझी नव्हेत. भैय्यालालजींनी दुकानाच्या पावतीवर लिहून दिलं, 'घडी निर्दोष आहे. आठ दिवसांत फरक एक सेकंद.'

तेव्हा शामकलाने पदराची गाठ सोडली. रत्नपालची पावती काढली. साहेबांचा कागद काढला. तीन कागद त्या अरुंद दुकानाच्या काचेवर शेजारी शेजारी ठेवले आणि बोटाने वाचत गेली. सोमवारी वेळ बरोबर, कार्यालयाचा शिक्का. गुरुवारी अकरा मिनिटं मागे, साहेबांची सही. त्यानंतर आठ दिवसांत एक सेकंद. तीन दिवस खणात निजली आणि अकरा मिनिटं हरवली, आठ दिवस चालली आणि एक सेकंद हरवला.

"साहेबानं स्वतः केलं का हे?" ती अगदी हळू म्हणाली. "एवढा मोठा माणूस?"

 भैय्यालालजींनी मला रेडिओवर लावायला चावी धरली. शामकलाने त्यांचा हात अडवला. "नाई. हिले हात लावू नका. अशीच राहू द्या."

"अशी घालशील?"

"हाव. अकरा मिनिटं मिळवून घेईन मनात. सगळं गाव वजा करते, मी मिळवीन."

त्याच दिवशी ती कार्यालयात गेली. माफीच्या कोऱ्या कागदावर तिने अर्ज लिहिला, 'माझी घडी तुमच्या खणात असताना तिचे काटे कोणी फिरवले, ते लेखी कळवावे.' तिन्ही कागदांच्या नकला जोडल्या. रत्नपालने अर्ज घेतला, दोनदा वाचला, तिच्याकडे पाहिलं. मग शिक्का मारून पोच दिली आणि आपल्या मोबाईलमध्ये बघून पोचेवर वेळही टाकली. कुणी सांगितलं नव्हतं.

घरी टेकचंद चिडला. "माफी लिहिली असती तं उद्या कामावर असती."

"आज मी लिहिन घडी खोटी," शामकला म्हणाली. "उद्या म्हणतीन डोळे खोटे. मंग मी जंगल कायले दाखवू लोकाईले?"

 टेकचंदने आपली घडी काढली, चावी ओढली आणि ती दहा मिनिटं मागे घेऊन बरोबर केली. दुसऱ्या दिवशी त्याची एसटी चुकली. पण त्याने ती परत पुढे केली नाही.

या गोष्टीला सहा आठवडे झाले. शामकलाचं नाव यादीतून कमी झालं. ती आता दुसऱ्यांच्या शेतात, धुऱ्यावर कामाला जाते. मला खाकी पट्ट्यावर बांधूनच जाते. बायका वेळ विचारतात तेव्हा ती माझ्याकडे बघते, वर बघते, अकरा मिळवते आणि सांगते. प्रत्येक वेळी मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. मला बरोबर व्हायचं आहे. दोन बोटांचं काम आहे. पण ती करत नाही आणि मी तिला दोष देत नाही.

मित्रांनो, घडी घ्याल तेव्हा हातावर ठेवून घ्या. कामाची बघा आणि मनाला आवडेल ती घ्या. घामाचा पट्टा धुऊन सावलीत वाळवा. सेल संपला तर लगेच काढा, आत फुटला तर माझ्यासारखीचं पोट जळतं. आणि तिला पुढे ठेवू नका. कैलाशने चांगल्या मनाने ठेवलेली अकरा मिनिटं एका वाईट माणसाच्या हाती लागली आणि त्याने त्यांचाच फास केला. खरी वेळ सगळ्यांना माहीत होती, पण ती भिंतीवर नव्हती. त्यामुळे ज्या दिवशी लोक गप्प बसले त्या दिवशी ती कुठेच नव्हती.

आता साहेब, तुमच्याकडे येते.

माझा सेल गेल्याच्या गेल्या दिवाळीत टाकलेला आहे. भैय्यालालजी म्हणतात, उन्हाळा निघेल न निघेल. मी थांबले की माझ्या अंगावरची तुमची अकरा मिनिटं थांबतील. सेल बदलला तर तुम्ही म्हणाल, दुकानदाराने काटे हलवले. तुम्ही याचीच वाट बघत आहात हे मला कळतं. म्हणून मी चालत असेपर्यंत विचारते. शामकलाच्या अर्जाची पोच माझ्याशेजारीच, तिच्या पदरात बांधलेली आहे.

त्या शनिवारी संध्याकाळी गाडी गेटवर आली तेव्हा किती वाजले होते? सोमवारी बरोबर असलेली मी गुरुवारी अकरा मिनिटं मागे कशी झाले? तुमच्या खणात माझे काटे कोणी फिरवले?

तोंडी सांगू नका. कागदावर लिहा, खाली सही करा, आणि सहीशेजारी वेळ टाका. ती कोणत्या घड्याळात बघून टाकली, तेही लिहा.